निळं कापड आटलं

१

सहा टेबलं जोडून केलेल्या एका लांब टेबलावर पट पसरलेला होता. पटात सव्वीस चौकोन, एकमेकांना शिवलेले. प्रत्येक चौकोनाच्या मधोमध, आगीत गेलेल्या एकेका माणसाच्या कपड्याचा तुकडा. त्यांतले सतरा तुकडे कारखान्याच्या निळ्या गणवेशाचे. बाकी नऊ घरच्या कपड्यांचे: चार शर्टांचे, दोन रुमालांचे, एक पायजम्याचा, एक मफलरचा आणि एक उशीच्या अभ्र्याचा. टेबलाच्या कडेला इस्त्री, अजून गरम. तिच्याशेजारी अर्धा रिकामा तांब्या. आणि खुर्चीवर माझी मावशी, दोन्ही हातांत तोंड लपवून.

"सगळ्यांचं वाटोळं केलं गं मी," ती म्हणाली. "उद्या लोक येणार. काय तोंड दाखवू?"

पटाचं अनावरण दुसऱ्या दिवशी होतं. घडी पडली म्हणून मावशीने सकाळी लवकर येऊन, पाणी शिंपडून, मागच्या बाजूने इस्त्री फिरवली होती. शिवणाच्या बाईंनी सगळ्यांना बजावलं होतं की पटाला पाणी लावायचं नाही, रंग उतरेल. पण बाई तापाने घरी होत्या आणि मावशीला घडी बघवेना.

रंग उतरला नव्हता. तुकडे मात्र गोळा झाले होते. दुधावरची साय सुरकुतावी तसे.

मी पट्टी घेतली. कारखान्याच्या आगीनंतर सुरू झालेल्या या कार्यशाळेत मी शिवायला नव्हे, फोटो काढायला आणि मापं घ्यायला येते. रसायनशास्त्राची पदवी आहे, नोकरी नाही; गळ्यात भिंग असतं, म्हणून इथे सगळे मला भिंगवाली म्हणतात. प्रत्येक तुकडा दहा सेंटिमीटरचा शिवला होता, ते मीच मोजलं होतं. आता पहिला निळा तुकडा भरला नऊ पूर्णांक तीन. दुसराही तेवढाच. सतराच्या सतरा निळे तुकडे आटले होते. बाकीच्या नऊंपैकी एकही नाही.

"मावशी, दादाचा गणवेश तू किती वर्षं धुतलास?"

"चार. दर रविवारी. गरम पाण्यात भिजवून, ब्रशने घासून. का?"

"मग तो जेवढा आटायचा तेवढा पहिल्या महिन्यातच आटला असणार. इतक्या वेळा धुतलेलं कापड आज तांब्याभर पाण्याने आटत नाही. कोरं कापड आटतं."

मावशीने तोंडावरचे हात काढले.

"हा तुकडा दादाचा नाही," मी म्हणाले. "सतरापैकी कुणाचाच नाही."

२

गणवेशाचं महत्त्व का, ते सांगायला हवं.

रंगाच्या कारखान्यात द्रावणाच्या पिंपाने पेट घेतला आणि सव्वीस जण गेले. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, त्यांत होता. काहींच्या अंगाला कापड वितळून चिकटलं होतं. सुती कापड जळतं, वितळत नाही. चौकशीत कारखान्याने सांगितलं, आमचा गणवेश शंभर टक्के सुती. कामगारांनी नियम मोडून आत स्वतःचे नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे घातले, ते वितळले. चौकशी समितीने ते मान्य केलं. अहवालाचा अर्थ असा, की मेलेल्यांनी स्वतःचं मरण स्वतः अंगावर घातलं.

मावशीसाठी तो अर्थ आणखी वाईट होता.

"बनियन वाळलं नव्हतं," ती म्हणायची. तिला विचारावं लागत नसे. "तो म्हणाला, ओलंच घालतो. मी म्हटलं, सर्दी होईल, हा नवा टी-शर्ट घाल. चकचकीत होता, माझ्याच पसंतीचा. मी माझ्या हाताने दिला."

हे ती भाजी निवडताना म्हणायची, कुलूप लावताना म्हणायची. जेवण तिने सोडलं नव्हतं, पण ताटाकडे बघणं सोडलं होतं.

आगीनंतर आठवड्याभरात कारखान्याने घरोघरचे जुने गणवेश परत मागवले. नियम आहे म्हणाले. सतरा घरांनी देण्याआधी आठवण म्हणून कुठे बाही, कुठे खिसा कापून ठेवला. त्यातूनच हे तुकडे आले. त्या गणवेशाचं कापड आता जगात दुसरीकडे कुठेच नव्हतं.

"अगं पण जुन्या चिंधीची चोरी कोण करेल?" मावशीने विचारलं.

"आधी हा विचार कर, की कापड खरंच सुती असतं तर चोरायची गरज कुणाला होती?"

मावशीने इस्त्रीचा प्लग काढला. मग म्हणाली, "शोधून काढ."

हॉलच्या किल्ल्या तीन. एक खाली दुकान असलेल्या टेलरमामांकडे, ज्यांनी ते गणवेश शिवले होते; मावशीने सकाळी तीच मागून घेतली होती. एक कारखान्याच्या खरेदी विभागातल्या साहेबांकडे. ते बाईंचे चिरंजीव, हॉल मिळाला तो त्यांच्याच शब्दामुळे. तिसरी बाईंकडे.

मी माझे जुने फोटो काढले आणि पटाशेजारी धरले. निळं कापड ड्रिलचं होतं. ड्रिलवर तिरप्या बारीक रेघा असतात, भिंगातून स्पष्ट दिसतात. जुन्या फोटोंत त्या रेघा सतरा दिशांना जात होत्या. साहजिकच होतं. कुणी पाटावर ठेवून सुरीने कापलं होतं, कुणी दाढीच्या पात्याने, जसं हाती येईल तसं.

समोरच्या पटावर सगळ्या रेघा एकाच दिशेला जात होत्या. एकही वाकडी नाही.

हे काम घाबरलेल्या माणसाचं असेल, पण अडाणी हाताचं नव्हतं.

३

"या भिंगवाली," टेलरमामा मशीनवरून मान न उचलता म्हणाले. "आज कुणाच्या नाकातले केस मोजायचेत?"

"तुमचे नंतर मोजते. आधी हे बघा." मी उसवून आणलेला एक आटलेला तुकडा त्यांच्यापुढे ठेवला.

मामांनी तो चिमटीत धरला, ताणला, सोडला. "कोरं ड्रिल. न भिजवता कापलंय. कोणत्या गाढवाने?"

"लोक म्हणतील, तुम्ही. गणवेश तुम्ही शिवले. खोटं उघडं पडलं तर पहिले तुम्ही सापडाल."

मशीन थांबलं. मामांनी चष्मा कपाळावर चढवला.

"हे बघ पोरी. कापड कारखान्याने दिलं, मी शिवलं. ठाण आलं, सुती आहे म्हणाले, मी सुती म्हटलं. हाताला गुळगुळीत लागत होतं, नाही म्हणत नाही. पण तीनशे गणवेशांचं काम होतं. तोंड उघडलं असतं तर काम दुसरीकडे गेलं असतं. झोप लागत नाही मला, ते माझं मी भोगतोय. पण कोरं कापड न भिजवता कापायचं? माझ्या बापाने कातरीनं बोटं छाटली असती माझी."

"घाईत माणूस विसरतो."

"घाईत माणूस चप्पल विसरतो. हात विसरत नाही."

मला पटलं, पण पटणं म्हणजे पुरावा नव्हे. मी तुकड्याची दुमडलेली कड उलगडून भिंगाखाली धरली. कड एका धाग्यावर चालली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत त्याच एका धाग्यावर. कातर कितीही सरळ चालवली तरी मधे एक-दोन धागे ओलांडतेच.

"मामा, तुम्ही कापता कसं?"

"खडूने रेघ मारतो, कापतो."

"धागा ओढून, त्या मोकळ्या रेषेवरून नाही?"

"धागे ओढत बसलो तर गिऱ्हाईक कपडे पुढच्या जन्मी नेईल!" ते हसले. मी हसले नाही, तेव्हा तेही थांबले.

कार्यशाळेच्या पहिल्या दिवशी ही रीत आम्हाला शिकवली होती. कडेचा एक धागा ओढून काढायचा, रिकामी रेषा दिसते, तिच्यावरून कापायचं. आम्ही सगळ्यांनी एकदा केलं आणि कंटाळून सोडून दिलं. एकीनेच सोडलं नव्हतं.

"तुमच्या काचेच्या कपाटात फिकट निळ्या ड्रिलचं ठाण उभं असायचं," मी म्हणाले. "उन्हाने विटलेलं."

मामा दाराकडे बघत म्हणाले, "बाईंनी नेलं. पटाला मागून अस्तर लावायचंय म्हणाल्या."

पटाचं अस्तर पांढरं होतं. ते मी स्वतः मोजून आणलं होतं.

४

वर आले तर साहेब पटापाशी उभे होते. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. मावशी समोर अपराध्यासारखी उभी होती.

"काळजी करू नका मावशी," साहेब हसून म्हणाले. "उलट फार बरं झालं." त्यांनी एका आटलेल्या तुकड्यावर बोट फिरवलं. "पाण्याने आटलं, म्हणजे कापड सुतीच. लोक आमच्यावर नाही नाही ते आळ घेत होते. आता सगळ्यांच्या डोळ्यांसमोर सिद्ध झालं. उद्या मी भाषणात सांगतोच."

त्यांच्या चेहऱ्यावर सुटका होती. मी तो चेहरा नीट पाहिला. तुकडे बदलल्याचं ज्याला ठाऊक आहे तो आटलेल्या कापडाजवळ लोकांना बोलावत नाही, तिथून पांगवतो. या माणसाला आपण काय विकत घेतलं होतं ते माहीत होतं. आणि हे कापड सुती निघालं, याचं त्याला खरंखुरं आश्चर्य आणि खराखुरा आनंद झाला होता. तो स्वतःलाच समजावत होता, की आपली आठवण चुकली असेल.

"म्हणजे गणवेश चांगलाच होता," मावशी म्हणाली.

"शंभर टक्के."

"म्हणजे टी-शर्टच."

साहेबांना काही कळलं नाही. ते घड्याळ बघून निघून गेले. मावशीने इस्त्रीची वायर गुंडाळायला घेतली. अर्धी गुंडाळली, पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"मावशी, चप्पल घाल," मी म्हणाले. "बाईंकडे जायचंय."

५

बाई पलंगावर बसून होत्या, अंगावर शाल. मला पाहून म्हणाल्या, "ये गं भिंगवाली." मग माझ्यामागे मावशी दिसली आणि त्यांनी शाल गळ्यापर्यंत ओढली.

"ताप उतरला?" मावशीने विचारलं. आधी माणुसकी, मग बाकीचं. मावशी तशीच आहे.

"उतरेल."

मी तुकडा त्यांच्या पांघरुणावर ठेवला. "बाई, हा आटला. म्हणजे कोरा. याच्या रेघा सरळ, म्हणजे कापणारा शिकलेला. कोरं कापड आधी भिजवलं नाही, म्हणजे टेलर नाही. आणि कड एका धाग्यावर आहे."

बाईंनी तुकडा उचलला नाही. नुसता बघितला.

"भिजवलं असतं तर फिका रंग डागाळला असता," त्या शांतपणे म्हणाल्या. "विटलेला रंग तसाच हवा होता. म्हणून पाणी लावू नका म्हटलं. सगळ्या जणींनी ऐकलं."

"मी नाही ऐकलं," मावशी म्हणाली.

"तू कधीच ऐकत नाहीस. टाकेसुद्धा लांब लांब घालतेस." बाईंचा आवाज तिथे फाटला. "तुझे ते लांब टाके त्याच भोकांतून पुन्हा घालताना मला किती त्रास झाला, सांगू? सोळा जणींचे जमले. तुझ्यासारखं वाकडं शिवणं कुणाला जमणार!"



मग बाईंनी सांगितलं. चौकोन जोडायच्या आधी त्या एकेकाला इस्त्री करत होत्या. एका निळ्या तुकड्यावर इस्त्री अडकली. उचलली तर कापड तिच्याबरोबर ओढलं गेलं आणि त्यावर चकाकी आली. चाळीस वर्षं शिवण शिकवणाऱ्या बाईला याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. आणि ते कापड कुणाच्या सहीने आलं, हेही.

"त्याला विचारलंत?" मी म्हणाले.

"विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं. मग मला ते माहीत झालं असतं." बाई मावशीकडे वळल्या. "तुझा गेला. तुला काय होतंय ते मी रोज बघत होते, तुझ्याशेजारी बसून सुई ओवत होते. पण माझा आहे. जिवंत आहे गं. आईने काय करायचं?"

मावशी उभीच होती. "माझ्याकडे बघून सुई ओवायचात," ती म्हणाली, "आणि मी टी-शर्टचं बोलायची, तेव्हा?"

बाई शालीची कड चाचपत राहिल्या.

"तेव्हा बाई? तेव्हा तुम्हाला माहीत होतं."

"होतं."

भिंतीपलीकडे कुणाचा तरी नळ चालू होता. तो बंद झाला.

"जुने तुकडे कुठे आहेत?" मी विचारलं. सगळं संपलं असेल अशी मला खात्रीच होती. ज्याला लपवायचं आहे तो जाळतो.

बाई उठल्या, भिंतीला धरत कपाटापर्यंत गेल्या. पत्र्याचा एक गोल डबा आणला आणि झाकण उघडून पलंगावर ठेवला. आत निळे तुकडे, एकावर एक, नीट रचलेले. आणि कागदात गुंडाळलेला, नखाएवढा, काळा, कडक गोळा.

"सगळे जाळायला बसले होते," त्या म्हणाल्या. "पहिला पेटवला. तो जळला नाही. थेंब थेंब होऊन गळायला लागला. एक थेंब माझ्या हातावर पडला." त्यांनी डावा हात पुढे केला. मनगटाच्या वर काळपट, घट्ट डाग होता. "निघेना. पाणी ओतलं तरी आत आत भाजत राहिला. एवढासा थेंब. तेव्हा मला कळलं, पोरांना काय झालं असेल. पुढचा नाही जाळवला."

मी तुकडे मोजले. सोळा.

मावशीने डब्यात हात घातला. एकेक तुकडा बाजूला करत गेली. नऊ की दहा झाल्यावर थांबली. एक तुकडा तिने बाहेर काढला. एका बाजूला पायऱ्या पायऱ्या कापलेला.

"माझी कातर," ती म्हणाली. "बोथट आहे."

बाई पलंगावर बसल्या. "पोलिसांना सांगशील?" त्यांनी मला विचारलं.

"तुकडे बदलले हे सांगेन. पण त्याआधी मला हे मोजावं लागेल. इस्त्रीला चिकटलं, हे तुम्ही म्हणता. गळलं, हेही तुम्हीच म्हणता. उद्या तुम्ही आई होऊन वेगळं म्हणाल."

बाईंनी डब्याचं झाकण लावलं आणि तो माझ्याकडे सरकवला. 

६

कॉलेजच्या प्रयोगशाळेत माझे जुने सर अजून होते. मी काय मागते आहे ते ऐकून त्यांनी दार आतून लावलं आणि दुसऱ्या एका प्राध्यापकांना साक्षीला बोलावलं. अनावरण पुढे ढकललं गेलं होतं. कारण म्हणून "इस्त्रीचा अपघात" लिहिलं होतं.

पद्धत साधी आहे. कापडाचं कोरडं वजन करायचं. पंचाहत्तर टक्के तीव्रतेच्या गंधकाम्लात ते कोमट ठेवायचं. कापूस विरघळतो, पॉलिएस्टर विरघळत नाही. गाळून, धुऊन, सुकवून, उरेल त्याचं पुन्हा वजन करायचं.

अडचण एकच. नमुना एक ग्रॅम तरी हवा, आणि तो परत मिळत नाही.

"दुसऱ्या कुणाचा तुकडा घ्यावा," सर मावशीला म्हणाले. "तुमचा राहू द्या. कोर्टालाही चालेल, कापड एकच आहे."

"तुम्हाला चालेल," मावशी म्हणाली. "मला दुसऱ्याच्या पोराचं कापड नको. माझ्याच पोराचं सांगा."

"तुकडा निम्मा जाईल, मावशी," मी म्हणाले. "आम्लात जे जातं ते—"

"अगं, अख्खा पोरगा गेला. निम्म्या चिंधीचं काय घेऊन बसलीस?" मग हळू म्हणाली, "कातर दे. मी कापते."

तिने स्वतः कापला. प्रयोगशाळेची कातर धारदार होती, तरी वाकडाच कापला. एक अर्धा तिने रुमालात बांधला, दुसरा मला दिला.

मी तो सुकवला, तोलला, आम्लात सोडला. फ्लास्क अधूनमधून हलवत राहिले. मावशी स्टुलावर बसून फ्लास्ककडे बघत होती. आम्ल गढुळलं, काही धागे सुटे झाले. बाकीचे निळे, चकचकीत, जसेच्या तसे तरंगत राहिले. ती काही बोलली नाही. टी-शर्टचंही नाही.

गाळलेले धागे मी धुतले, भट्टीत सुकवले, गार होऊ दिले. दोन्ही प्राध्यापक तराजूपाशी येऊन उभे राहिले. काट्याचे आकडे स्थिर झाले.

"मोठ्याने वाच," मावशी म्हणाली.

मी वाचलं.

"आधीचं वजन, एक पूर्णांक शून्य चार ग्रॅम. उरलेलं, शून्य पूर्णांक पंच्याऐंशी ग्रॅम. पॉलिएस्टर, एक्क्याऐंशी पूर्णांक सात टक्के."